कोच नवा आणला, पण पोरं कुठून आणायची?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा कोच बदलला की पहिल्या प्रेस कॉन्फरन्समध्ये दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे युनिव्हर्सिटीच्या रंगाचा टाय, आणि दुसरी म्हणजे आम्ही आमच्या राज्याला कुंपण घालणार ही घोषणा. म्हणजे राज्यातली चांगली पोरं आता दुसरीकडे जाऊ देणार नाही. टाळ्या पडतात, पेपरात हेडिंग येतं, आणि मग तीन वर्षांनी तोच कोच सामान आवरत असतो आणि लोक म्हणत असतात की ह्याला रिक्रूटिंग जमलंच नाही. नेब्रास्का राज्यात हे २००३ पासून चालू आहे, आणि तिथल्या ओमाहा शहरात राहून मी ह्यातलं बरंच जवळून बघितलंय म्हणून लिहितोय. कोचची बाजू घ्यायला लिहित नाहीये, त्याला वर्षाला जेवढे पैसे मिळतात तेवढ्यात त्याची बाजू घ्यायला चांगले वकील मिळतील. पण रिक्रूटिंगचा नकाशा ज्यांनी बदलला ते कधीच प्रेस कॉन्फरन्सला नसतात आणि सगळा हिशोब मात्र कोचकडून मागितला जातो, हे मला पटत नाही.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, अंडाकृती बॉलवाला. कॉलेजच्या टीम हायस्कूलमधली सोळा-सतरा वर्षांची पोरं हेरतात, कोच विमानानं त्यांच्या गावी जातो, आईच्या हातचं जेवतो, बापाला आश्वासनं देतो, आणि पोरगं डिसेंबरात सही करतं. त्या बदल्यात फी, राहणं, जेवण फुकट, आणि आता वर पैसेही. लिंकन नावाच्या शहरातल्या नेब्रास्का युनिव्हर्सिटीचं स्टेडियम ८५ हजारांच्या आसपास आहे आणि १९६२ पासून तिथली प्रत्येक मॅच हाऊसफुल्ल गेलीय, म्हणजे मॅचच्या दिवशी ते स्टेडियम राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं असं लोक म्हणतात आणि ते खोटं नाही, ओमाहा आणि लिंकन सोडलं तर तेवढं मोठं गावच नाही इथे. शनिवारी सकाळी ओमाहाहून लिंकनला जाणारा हायवे बघा, प्रत्येक दुसऱ्या गाडीला लाल झेंडा, ट्रकच्या मागे ग्रिल, आणि आत शिरलात की खिमा-कोबी भरलेला रंझा नावाचा पाव हातात. आमच्यासारखे व्हेज लोक पॉपकॉर्नवर भागवतात. (ह्याच स्टेडियममध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलला ९२,००३ लोक आले होते, ते एक वेगळंच प्रकरण आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

तर प्रश्न असा, की सगळं राज्य मिळून वीस लाखांच्या आतबाहेर लोकवस्ती, २०२० च्या जनगणनेत १९ लाख ६१ हजार, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. त्यातून देशपातळीवर खेळतील अशी पोरं दरवर्षी निघून निघून किती निघणार? टेक्सासमध्ये तीन कोटी लोक, हजाराच्या वर हायस्कूल फुटबॉल खेळतात, शुक्रवारी रात्री अख्खं गाव मैदानात. फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्निया तसंच. नेब्रास्कात सगळं ओमाहाच्या आसपास गोळा झालेलं आणि बाकी मक्याची शेतं. इतकी छोटी गावं की अकरा पोरं जमत नाहीत, म्हणून आठ जणांचा फुटबॉल खेळतात, मैदान पण छोटं, ८० यार्ड बाय ४० यार्ड. सहा जणांचा फुटबॉल तर ह्याच राज्यात जन्मला, १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, चेस्टर गावातल्या एका मास्तरानं शोधून काढला. आता तर दोन-तीन गावं मिळून एक टीम करतात, जर्सीवर नावं जोडून. अशी मॅच एकदा बघायलाच हवी, कुंपणाला लागून गाड्या उभ्या, टचडाऊन (इथला गोल म्हणा) झाला की टाळ्यांच्या ऐवजी हॉर्न, आणि पलीकडे धान्याच्या कोठाराचे उंच सिलो. स्काऊट तिथे पोचला तरी त्याला कळणार कसं की आठ जणांत चमकणारं पोरगं अकरा जणांत, ओहायो स्टेटसारख्या बड्या टीमसमोर काय करेल?

आणि तरीही ह्याच राज्यानं पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, १९७० आणि ७१ बॉब डेव्हानीच्या काळात, १९९४, ९५ आणि ९७ टॉम ऑसबर्नच्या काळात. ऑसबर्न २५ वर्षं कोच होता, २५५ मॅच जिंकला. लोकसंख्या तेव्हाही कमीच होती, उलट आणखी कमी. मग काय केलं त्यांनी?

इथे जुनी माणसं लगेच सांगतात की तेव्हा सगळी आपली पोरं होती. हे अर्धंच खरंय. टॉमी फ्रेझियर फ्लोरिडाचा, टर्नर गिल टेक्सासचा, १९८३ चा हाइसमन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं बक्षीस, जिंकणारा माइक रोझियर न्यू जर्सीचा. बॉल घेऊन पळणारे, टीव्हीवर दिसणारे बरेचसे बाहेरचेच होते. घरचं होतं ते खालचं जोतं. स्कॉलरशिप नसलेली, स्वतःच्या बापाच्या पैशानं फी भरून टीममध्ये येणारी पोरं, त्यांना वॉक-ऑन म्हणतात. दीडशेच्या आसपास पोरांची टीम असायची, त्यात वॉक-ऑनची भरती. आणि ही काही दानधर्म म्हणून ठेवलेली गर्दी नव्हती. ऑसबर्न प्रॅक्टिसला एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ड्रिल लावायचा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फळीतलं पोरगं बाजूला पाण्याची बाटली धरून उभं नसायचं, त्यालाही रोज तेवढेच धक्के खायला मिळायचे. शिवाय बॉइड एपली नावाचा माणूस १९६९ पासून त्यांच्या वेटरूममध्ये होता, कॉलेजात ताकदीचा वेगळा कोच ही कल्पनाच त्यानं रुजवली. तर काय व्हायचं, शेतातलं सहा फूट चार इंची हाडकुळं पोरगं अठराव्या वर्षी यायचं, तीन वर्षं खायचं, वजनं उचलायचं, मार खायचं, आणि चौथ्या वर्षी समोरच्याला उताणं पाडायचं. ब्रेनर्डसारख्या खेडेगावातले माकोविका बंधू असेच वॉक-ऑन म्हणून आले आणि फुलबॅकच्या जागेवर खेळले. बाहेरच्या राज्यातूनही येत, आय. एम. हिप साउथ कॅरोलिनातून स्वतःहून आला आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी नेब्रास्काचा स्टार झाला.

भूगोलाला दिलेलं हे उत्तर होतं. तुमच्याकडे तयार माल नाही ना, मग कच्चा माल भरपूर घ्या आणि वेळ द्या. दोनच गोष्टी लागतात त्याला, जागा आणि वेळ, आणि आज येणाऱ्या कुठल्याही नव्या कोचला नेमक्या ह्या दोन्ही गोष्टी नाहीत.

आधी नकाशाचं बघू. नेब्रास्का १९९६ पासून बिग ट्वेल्व्ह नावाच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात मॅच खेळणाऱ्या युनिव्हर्सिट्यांच्या गटात होती, तिथे टेक्सासच्या चार युनिव्हर्सिट्या. म्हणजे डॅलस-ह्यूस्टनच्या पोराच्या घरी बसून कोच म्हणू शकायचा की तुझ्या आईबाबांना गाडीनं जाता येईल अशा मॅच तुला मिळतील. २०११ मध्ये नेब्रास्का उडी मारून बिग टेन ह्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेली. पैशाचा विचार केला तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, बिग टेननं २०२२ मध्ये टीव्हीचा जो करार केला तो सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वर. पण त्या दिवसापासून टेक्सासच्या आईला सांगायचं काय? तुझं पोरगं मिशिगनला खेळेल, पेनसिल्व्हेनियात खेळेल, न्यू जर्सीत रटगर्सला खेळेल. एडिसनच्या आपल्या मंडळींना रटगर्सचं स्टेडियम हाकेच्या अंतरावर आहे, त्यांची सोय झाली, ह्यूस्टनच्या बाईची काय? आणि २०२४ पासून लॉस एंजेलिस, ओरेगन, वॉशिंग्टन पण ह्याच कॉन्फरन्समध्ये. नावाला तरी रीजनल राहिलंय का काही? लिंकनहून ५०० मैलांचं वर्तुळ काढा, नेब्रास्कावाले ही ५०० मैलांची गोष्ट कायम काढत असतात, त्यात कॅन्सस सिटी येतं, मिनियापोलिस येतं, डेन्व्हर, सेंट लुइस, ओक्लाहोमा सिटी येतं, आणि डॅलस थोडक्यात बाहेर राहतं. हे वर्तुळ दिसायला मोठं आहे पण आत गुरं जास्त आणि लाइनबॅकर कमी.

ह्या नकाशावर एकामागून एक कोच आले. २००३ मध्ये फ्रँक सोलिचला नऊ मॅच जिंकलेल्या असताना काढलं, कारण तेव्हाच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या सगळ्या खेळांच्या प्रमुखाला, वाटलं की टीम सामान्य होत चाललीय. मग बिल कॅलहन आला, एनएफएलमधून, म्हणजे व्यावसायिक लीगमधून, तिथल्या सुपर बोल ह्या फायनलपर्यंत टीम नेलेला माणूस. त्यानं वॉक-ऑनला कात्री लावली आणि देशभरातून स्टार पोरं आणायला घेतली, आणि आणलीही, २००५ ची त्याची बॅच देशातल्या पहिल्या दहात धरली जायची. कागदावर एकदम झकास. २००७ मध्ये कॅन्ससनं ह्यांना ७६-३९ असं धुतलं. कॅन्सस! पोलीस भरतीतही नंबर लागणार नाही अशी टीम समजायचे नेब्रास्कावाले कॅन्ससला. मग बो पेलिनी, दरवर्षी नऊ-दहा मॅच जिंकायचा तरी काढला. मग माइक रायली. मग स्कॉट फ्रॉस्ट, हा तर घरचाच पोरगा, वुड रिव्हर गावचा, १९९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू), आणि २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाला एकही मॅच न हरता १३-० करून आलेला. लोकांना वाटलं आता झालंच. फ्रॉस्टनं फ्लोरिडा-जॉर्जियातली वेगवान पोरं आणली, कारण त्याची ओळख तिथली, त्याचा स्टाफ तिथला. बरीच पोरं टिकली नाहीत. जानेवारीत उणे वीस डिग्रीत मियामीच्या पोराला प्रॅक्टिसला जायला सांगून बघा. निकाल १६-३१, म्हणजे १६ जिंकल्या आणि ३१ हरल्या, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नसारख्या टीमशी घरच्या मैदानावर हरल्यावर त्याला काढलं, तेही १ ऑक्टोबरपर्यंत तीन आठवडे थांबले असते तर दीड कोटी डॉलरच्या जागी पाऊण कोटी द्यावे लागले असते तरी थांबले नाहीत. घाई इतकी.

म्हणजे घरचा माणूस कोच म्हणून आणला की घरचं रिक्रूटिंग आपोआप होतं असं काही नाही, फ्रॉस्ट हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅट रूल आला. आठ वर्षं, सुमारे ७ कोटी ४० लाख डॉलर. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, पेन स्टेटला स्वतः वॉक-ऑन म्हणून खेळलेला. नेब्रास्काशी संबंध शून्य. तेव्हा ऑफिसातल्या लोकांचं तोंड उतरलेलं होतं की ह्याला इथलं काय कळणार. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की ह्याच्या बायोडेटामधली महत्त्वाची ओळ टेम्पल युनिव्हर्सिटीच्या किंवा एनएफएलमधल्या पँथर्सच्या नोकरीची नव्हती, ती २०१७ ची होती. तो टेक्सासमध्ये बेलरला गेला तेव्हा ती युनिव्हर्सिटी लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पार बदनाम झालेली, सही करायला तयार पोरं जवळपास नाहीतच, आणि हा पूर्वेकडचा माणूस, टेक्सासमध्ये कोणाला ओळखत नाही. त्यानं पहिली गोष्ट काय केली, तर टेक्सासमधल्या हायस्कूलचे कोच उचलून स्वतःच्या स्टाफवर घेतले. सीडर हिल हायस्कूलला तीन राज्य विजेतेपदं मिळवून दिलेला जोई मॅग्वायर त्यातला एक. ह्या माणसांना शाळाशाळांत नावानं ओळखायचे, त्यांनी फोन केला की दार उघडायचं. पहिल्या वर्षी १-११, तिसऱ्या वर्षी ११-३. तोच मॅग्वायर पुढे टेक्सास टेकचा हेड कोच झाला.

रीजनल रिक्रूटिंग म्हणजे मुळात एवढंच असतं. कोच कुठला आहे ह्याला फारसं महत्त्व नाही, शाळेतला मास्तर कोणाचा फोन उचलतो ह्याला आहे. आणि तो फोन एका डिसेंबरात उचलला जात नाही, त्यासाठी ज्या वर्षी त्या शाळेत एकही चांगला खेळाडू नाही त्या वर्षीसुद्धा तिथे जाऊन चहा प्यावा लागतो.

नेब्रास्कात ह्याच गोष्टीची वाट लागलेली होती. ओमाहा साउथ हायस्कूलचा नोआ फँट शेजारच्या आयोवा युनिव्हर्सिटीला गेला आणि एनएफएलच्या निवडीत पहिल्या फेरीतच उचलला गेला. ओमाहाच्याच बर्क हायस्कूलचा झेवियर वॉट्स नोत्र दाम युनिव्हर्सिटीला गेला, आणि २०२३ मध्ये देशातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू म्हणून नागुर्स्की ट्रॉफी घेऊन बसला. लिंकनपासून ५०-५५ मैलांवर राहणारी पोरं ही. फ्लोरिडातून विमानानं पोरं आणायची आणि तासाभरावरची जाऊ द्यायची, ह्याला काय म्हणायचं?

रूलच्या काळात निदान हे थोडं बदललं. एन्सवर्थ नावाचं उत्तरेकडचं गाव, दीड-दोन हजार वस्ती, लिंकनहून गाडीनं चारेक तास, तिथला कार्टर नेल्सन नावाचा पोरगा आठ जणांचा फुटबॉल खेळायचा, आणि देशातल्या बड्या बड्या युनिव्हर्सिट्यांच्या ऑफर त्याच्या दारात. तो २०२४ च्या बॅचमध्ये नेब्रास्कात आला. गावातल्या माणसांना ह्याचं जे वाटलं असेल ते मी कल्पना करू शकतो. कर्नीचा हाइनरिख हारबर्ग २०२३ मध्ये क्वार्टरबॅक म्हणून उभा राहिला, फार सुबक खेळायचा नाही पण आडदांड, लोकांना आवडायचा. आणि त्याच डिसेंबरात डिलन रायोला आला, जॉर्जिया युनिव्हर्सिटीला शब्द दिलेला होता तो फिरवून. त्याचा बाप होनोलुलूहून येऊन इथे सेंटर खेळलेला आणि काका तेव्हा इथल्याच कोचिंग स्टाफवर, म्हणजे तेही एक प्रकारे ओळखीतूनच. २०२४ मध्ये ७-६, सात सीझनचा बोल गेमचा (सीझनअखेरच्या खास मॅचचा) दुष्काळ संपला, २०२५ मध्ये पुन्हा ७-६. मधे पेन स्टेटच्या कोचची जागा रिकामी झाली तेव्हा रूल जुन्या घरी जातो की काय अशी बोंब उठली, तर ऑक्टोबरात करार २०३२ पर्यंत वाढवला. आणि रायोला? दोन सीझन खेळला, दुसऱ्यात पाय मोडला, आणि मग पोर्टलमध्ये.

हे पोर्टल म्हणजे खेळाडूंनी दुसऱ्या कॉलेजात जायची नोंदणी, २०१८ मध्ये सुरू झालं. आधी कॉलेज बदललं की एक वर्ष बसावं लागायचं, २०२१ मध्ये एकदा माफी मिळाली आणि २०२४ पासून कितीदाही जा. त्यात २०२१ च्या जुलैपासून खेळाडूला जाहिरातीचे वगैरे पैसे घ्यायची मुभा. रूलनंच २०२३ मध्ये उघड सांगितलं होतं की पोर्टलमधला चांगला क्वार्टरबॅक दहा ते वीस लाख डॉलरला पडतो. मला हे खेळाडूंच्या बाजूनं अन्यायाचं वाटत नाही, अजिबात नाही, इतकी वर्षं कोच कोटीत कमवायचे आणि पोरांना पिझ्झा घेतला तरी चौकशी लागायची. पण परिणाम असा की चार वर्षांत घडवायचा जो हिशोब होता तो मोडला. तुम्ही हाडकुळ्या पोराला दोन वर्षं खायला घालून उभं करता आणि तिसऱ्या वर्षी दुसरा कोणी तरी त्याला उचलून नेतो. २०२५ मध्ये रूलनं स्प्रिंग गेम रद्द केली त्याचं कारण हेच, आमची पोरं टीव्हीवर दाखवली की बाकीचे येऊन पळवतात. आदल्या वर्षी त्या सरावाच्या मॅचला साठ हजारांच्या आसपास लोक आले होते! मला तेव्हा राग आला होता, कारण ज्या कुटुंबांना सीझनचं तिकीट परवडत नाही ती त्याच दिवशी पोरं घेऊन येतात, पण भीती खोटी नव्हती.

वेळ गेला तो असा. जागा कशी गेली ते आता सांगतो, आणि मुख्य तक्रार माझी तिथेच आहे.

६ जून २०२५ ला जज क्लॉडिया विल्केन ह्यांनी खेळाडूंच्या पैशावरून चाललेल्या ‘हाउस’ नावाच्या खटल्याचा समझोता मंजूर केला. त्यामुळे युनिव्हर्सिट्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कमाल २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. चांगलं झालं. पण त्याच समझोत्यात जुनी ८५ स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन त्या जागी टीममध्ये जास्तीत जास्त १०५ माणसं अशी मर्यादा आली. आता सगळ्या १०५ जणांना स्कॉलरशिप द्या, कोणी अडवत नाही, पण १०६ वा स्वतःच्या पैशानं, फुकटात, नुसता घाम गाळायला येतो म्हणाला तरी त्याला जागा नाही. जजबाईंनी अडून बसून एवढं करून घेतलं की ज्यांची जागा ह्या नियमामुळे गेली त्या आधीच्या पोरांना सूट मिळावी, म्हणजे ज्यांना कापलं त्यांच्यापुरतं. तेही शाळेच्या मर्जीवर. ह्यापुढे बारावीतून येणाऱ्या शेतातल्या पोराला काहीच नाही.

ओहायो स्टेटला किंवा जॉर्जियाला ह्यानं काय फरक पडतो? त्यांच्या राज्यातच इतका तयार माल आहे की १०५ मध्ये ते सुखानं बसतात. फरक पडतो तो नेब्रास्काला, कॅन्सस स्टेटला, आयोवाला, जिथे लोकसंख्या कमी आणि आवड जास्त. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच भरपूर आहे त्यांना हा नियम सोयीचा आणि ज्यांनी गरिबीतून एक युक्ती काढली होती त्यांची युक्तीच बेकायदा. हे खर्च आवरायला केलं म्हणतात. वॉक-ऑन फी भरतो हो, उलट युनिव्हर्सिटीला पैसे देतो तो. हेल्मेट, जेवण आणि फिजिओ एवढा खर्च, आणि तेवढं तर कोचच्या करारातल्या एका कलमातून निघेल.

विरोधात जे म्हटलं जातं त्यात एक मुद्दा खरा आहे. वॉक-ऑनच्या नावाखाली श्रीमंत युनिव्हर्सिट्या चोरवाट काढतील. २०२१ मध्ये ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीत प्रोटीन बारच्या एका कंपनीनं वॉक-ऑनच्या फीएवढे पैसे द्यायचा करार केला होता, म्हणजे नावाला वॉक-ऑन आणि खिशात स्कॉलरशिप. मान्य. मग नियम तसा करा ना, १०५ च्या वरच्या जागा फक्त त्याच राज्यातल्या हायस्कूलमधून आलेल्या पोरांना, युनिव्हर्सिटीच्या वाट्यातून त्यांना एक डॉलर नाही, आणि ज्या वर्षी त्यातल्या कोणाला पैसे सुरू झाले त्या वर्षी तो १०५ मध्ये मोजा. एवढं लिहायला काही सुप्रीम कोर्टाचे वकील लागत नाहीत.

दुसरा मुद्दा जास्त जोरात मांडला जातो, आणि तो म्हणजे इंडियाना युनिव्हर्सिटी. फुटबॉलमध्ये ज्यांना कोणी विचारत नव्हतं ती इंडियाना, २०२३ मध्ये ३-९. कर्ट सिग्नेटी आला, पहिल्याच वर्षी ११-२, आणि दुसऱ्या वर्षी एकही मॅच न हरता थेट राष्ट्रीय विजेतेपद, जानेवारी २०२६ मध्ये मियामी युनिव्हर्सिटीला हरवून. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा मूळचा मियामी शहराचा, कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीतून पोर्टलनं आलेला, हाइसमन घेऊन गेला. तर लोक म्हणतात की बघा, कसलं रीजनल आणि कसलं काय, शाळाशाळांत चहा पीत बसण्यापेक्षा पोर्टलमधून शॉपिंग करा. ऐकायला बिनतोड वाटतं. पण सिग्नेटीनं आधी आणलं कोणाला, तर जेम्स मॅडिसन ह्या आपल्याच जुन्या छोट्या कॉलेजातली डझनभर पोरं, एडन फिशर, डीअँजेलो पाँड्स, मिकेल कमारा वगैरे, ज्यांना हायस्कूलमध्ये मोठ्यांनी विचारलं नव्हतं आणि ज्यांना ह्याच स्टाफनं हातानं घडवलं होतं. म्हणजे कच्चा माल आणि वेळ, तीच जुनी गोष्ट, फक्त भट्टी दुसऱ्या गावात होती आणि तो भट्टीसकट आला. असा कोच एकदाच सापडतो, आणि ती छोटी कॉलेजं दरवर्षी दुसऱ्यांसाठी पोरं घडवत बसतील असं धरून चालणं मला तरी जोखमीचं वाटतं.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेची टीम उतरते तेव्हा बाहेरचे खेळाडू असतातच, परदेशीसुद्धा असतात, त्याला कोणी फार नाक मुरडत नाही, पण गॅलरीतला माणूस पेठेतली पोरं किती हे मोजतोच. तसंच लिंकनला. लोक १९६२ पासून येतायत ते काही दरवर्षी जिंकतात म्हणून नाही, मधली सात वर्षं तर बघवत नव्हती. येतात कारण मैदानात कोणीतरी ओळखीचं असतं, बहिणीच्या शाळेतलं, शेजारच्या काउंटीतलं. हे भावनिक आहे म्हणून बाजूला सारू नका, त्या ८५ हजार तिकिटांच्या पैशावर बाकीच्या खेळांचाही बराच खर्च चालतो, आणि दर हिवाळ्यात सगळी टीम बदलत राहिली तर ती तिकिटं किती वर्षं खपतील ह्याचा विचार युनिव्हर्सिटी चालवणाऱ्या रीजेंट्सनी करायला हवा. युनिव्हर्सिटी सरकारी आहे, कोच हा राज्यातला सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी माणूस आहे, तेव्हा ह्यावर बोलायचा हक्क आम्हा टॅक्स भरणाऱ्यांनाही आहे, मग आम्हाला टचडाऊनचे नियम अर्धेमुर्धे कळत असले तरी.

नव्या कोचला जोखायचं कसं, तर माझं म्हणणं साधं आहे. टेक्सासमधून किती स्टार आणले हे पहिल्या तीन वर्षांत विचारू नका, तिथे आता आपली मॅचच नसते. ५०० मैलांच्या आत ज्याला आपण मागितलं आणि जो आयोवाला किंवा नोत्र दामला गेला त्याची यादी मागा, आणि तो का गेला ते विचारा. राज्यातल्या किती शाळांत स्टाफमधला माणूस गेला ते विचारा, ज्या शाळांत ह्या वर्षी घेण्यासारखं कोणी नव्हतं त्याही धरून. आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला विचारा की १०५ च्या नियमाविरुद्ध तुम्ही बिग टेनच्या मीटिंगमध्ये काय मांडलंत, कोण तुमच्या बाजूनं होतं. बिग टेनमध्ये नेब्रास्काला एक मत आहे आणि आयोवाला एक मत आहे, आणि दर थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांशी भांडणारी ही दोन राज्यं ह्या एका बाबतीत एकत्र यायला काहीच हरकत नाही, कारण तिकडेही शेतातली पोरं वॉक-ऑन म्हणूनच यायची. पुढच्या ऑगस्टमध्ये कॅम्प सुरू होईल तेव्हा यादीत १०५ नावं असतील. त्यात राज्यातली किती ते मी मोजणारच आहे, पण त्याआधी हा नियम बदलायचा प्रयत्न कोणी केला होता का, हे कळलं तर जास्त बरं वाटेल.